खडक चढतो आणि जागीच राहतो

वाचकाचे पत्र:

"मी ५४ वर्षांची शिक्षिका असून गोव्यात मये येथे राहते. गेल्या श्रावणात आम्ही सातवीच्या मुलांना हरवळ्याचा धबधबा दाखवायला नेले होते. पाणी भरपूर होते. मी कठड्याशी उभी राहून बराच वेळ एकटक पाण्याकडे पाहत राहिले आणि मग बाजूच्या खडकाकडे नजर वळवली, तर तो अख्खा कातळ वर सरकताना दिसला. मी घाबरून डोळे मिटले. उघडले तरी तो किंचित सरकतच होता. एक मुलगा म्हणाला, 'बाई, मलाही खडक चढताना दिसतो, पण तो तिथेच आहे!' मी त्याला गप्प केले. तेव्हापासून मनात भीती बसली आहे. चोडणच्या फेरीबोटीत पाण्याकडे पाहिले की बोट उलटी चालली आहे असे वाटते, म्हणून हल्ली मी पणजीला म्हापशावरून लांबच्या रस्त्याने जाते. पर्वरीला महामार्ग ओलांडताना समोरून येणारे वाहन किती वेगाने येत आहे ते कळत नाही. पाऊल पुढे टाकते आणि मागे घेते. शेजारच्या काकींनी माझी दृष्ट काढली, भाऊ म्हणतो की डोक्याचा एमआरआय करून घे. माझ्या मेंदूत काही बिघाड झाला आहे का? आणि यंदा मुलांना हरवळ्याला न्यावे की नाही?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वेळी माझे लक्ष त्या सातवीतल्या मुलाच्या वाक्यावर खिळले. आपल्याला जे दिसले तेच त्यालाही दिसले, त्याच जागी आणि त्याच वेळी. आपल्या मेंदूत बिघाड झाला म्हणून खडक हलला असे मानले, तर तोच बिघाड त्याच क्षणी एका धडधाकट मुलालाही झाला असे मानावे लागेल. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचे आपण शांतपणे वाचाल. वाहत्या पाण्याकडे पुरेसा वेळ टक लावून पाहिल्यावर शेजारची स्थिर वस्तू उलट दिशेने सरकताना दिसणे हा आजार नाही. ज्यांची दृष्टी आणि मेंदू ठीक आहेत अशा जवळजवळ सर्वांना हा अनुभव येतो. पत्रातल्या तीन गोष्टी आपण एकाच भीतीच्या दोऱ्यात ओवल्या आहेत, त्या मला सुट्या कराव्या लागतील, कारण धबधबा आणि फेरीबोट यांबद्दल आपण निश्चिंत व्हावे आणि महामार्गाबद्दल मात्र अधिक सावध व्हावे असे माझे मत आहे.

हा अनुभव फार जुना आहे. वाहत्या नदीकडे पाहून नजर काढली की स्थिर वस्तूही हलताना भासतात, असे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात स्वप्नांविषयी लिहिताना नोंदवून ठेवले होते. पुढे १८३४ साली रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवराजवळचा फॉयर्सचा धबधबा पाहिला, पडत्या पाण्याच्या एकाच भागाकडे काही क्षण टक लावली, मग शेजारच्या काळवंडलेल्या कड्याकडे पाहिले, आणि तो कडा वर सरकताना दिसल्याचे त्यांनी लिहून प्रसिद्ध केले. ते वर्णन वाचताना मला हरवळ्याचा कठडाच डोळ्यांपुढे येतो. या भासाला शास्त्रात धबधब्याचेच नाव मिळाले आहे.

असे का घडते हे समजून घ्यायचे तर आधी एक गोष्ट मनाशी धरावी लागते. डोळ्याच्या पडद्यावर उमटते ती केवळ प्रकाशाची मांडणी. गती त्या मांडणीत कुठे लिहिलेली नसते. पडद्यावरच्या प्रत्येक पेशीला जगाचा एक इवलासा तुकडा दिसतो, आणि त्या तुकड्यात उजेड वाढला की कमी झाला एवढेच तिला कळते. मग 'पाणी खाली पडते आहे' हे कोण ठरवते? आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. सकाळी पाव विकणारा पोदेर सायकलचा भोंगा वाजवीत येतो. समजा, वाड्याच्या वरच्या टोकाला आपली बहीण राहते आणि खालच्या टोकाला आपण राहता. बहिणीने भोंगा ऐकताच एका मुलाला आपल्याकडे पिटाळले, आणि पोदेराला उतरून यायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ त्या मुलालाही लागला, तर मुलाची हाक आणि दारातला भोंगा ही दोन्ही एकाच वेळी आपल्या कानी पडतील. पोदेराला न पाहताही आपण सांगाल की तो वरून खाली आला. तो खालून वर गेला असता तर हा मेळ बसला नसता, आणि तो वाटेत चहाला थांबला असता तरीही बसला नसता. शेजारच्या दोन ठिकाणांहून आलेल्या खबरी, त्यांतली एक थोडी उशिरा पोचणारी, आणि दोन्ही जुळल्या तरच 'हो' म्हणणारी तिसरी पेशी: गती ओळखण्याची रीत मुळात ही अशी आहे. बर्नहार्ड हासेनश्टाइन आणि वेर्नर राइखार्ट यांनी एका भुंगेऱ्यावर प्रयोग करून १९५६ साली ही कल्पना मांडली. पुढे १९६५ साली होरेस बार्लो आणि विल्यम लेव्हिक यांनी सशाच्या डोळ्याच्या पडद्यातल्या, एका दिशेच्या हालचालीला जोरात आणि उलट दिशेच्या हालचालीला जवळजवळ न बोलणाऱ्या पेशी हे काम कसे करतात ते तपशिलात दाखवले. त्यांच्या पेशींची अंतर्गत रचना भुंगेऱ्यासाठी कल्पिलेल्या रचनेहून थोडी वेगळी निघाली, पण दोन शेजारी ठिकाणांची वेळेसह तुलना हा गाभा तोच राहिला.

आता माणसाच्या मेंदूत 'खाली' सांगणाऱ्या पेशी आहेत तशा 'वर' सांगणाऱ्याही आहेत, आणि समोर काही हलत नसतानाही दोन्ही गट थोडे थोडे बोलतच असतात. दोघांचा आवाज सारखा असला की मेंदू निष्कर्ष काढतो की समोरचे स्थिर आहे. थोडक्यात, स्थिरपणा म्हणजे गतीची खबर न मिळणे असे नसून तागडीची दोन पारडी बरोबरीत येणे असे आहे. आपण अर्धा-एक मिनिट पडत्या पाण्याकडे पाहत राहिलात, तेव्हा 'खाली' सांगणाऱ्या पेशी सतत बोलत होत्या, आणि सतत तेच ते सांगावे लागले की त्या आपला आवाज हळूहळू उतरवतात. मग नजर खडकावर गेली. खडक दोन्ही पारड्यांत काहीच टाकत नाही, पण 'खाली'चे पारडे आधीच हलके झालेले, त्यामुळे तागडी 'वर'कडे झुकली. बार्लो आणि हिल यांनी १९६३ साली सशाच्या पेशींमध्ये हेच मोजले होते: हालचाल थांबताच ती ओळखणाऱ्या पेशीचा आवाज तिच्या नेहमीच्या पातळीच्याही खाली जातो आणि मग सावकाश सावरतो. आपण घाबरून डोळे मिटले तरी उघडल्यावर खडक सरकतच होता, त्याचेही नवल वाटायला नको. मिटलेल्या डोळ्यांपुढे तुलनेला काही नसते, त्यामुळे झुकलेली तागडी लवकर सावरत नाही. भास थोडा शिल्लक राहतो आणि डोळे उघडल्यावर पुन्हा दिसतो.

पेशी आवाज उतरवतात याला मी थकवा म्हणत नाही. अंधाऱ्या माजघरात शिरल्यावर डोळे जसे अंधाराला सरावतात, तसाच हा गतीचा सराव आहे. तासभर तेच पाणी तसेच पडत असेल तर त्याची खबर ओरडून देत राहण्यापेक्षा त्यात नवे काय घडते याकडे लक्ष ठेवणे मेंदूला सोयीचे असते.

आता त्या मुलाच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो, कारण खरी मोलाची गोष्ट तिथे आहे. 'पण तो तिथेच आहे', असे तो म्हणाला. खडक वर जात होता आणि तरीही त्याच्यावरचे शेवाळ, त्याची भेग, त्याच्या माथ्यावरचे झुडूप यांतले काहीही जागचे हलले नव्हते. व्यवहारात हे अशक्य आहे. जे सरकते ते पुढे जाते. डोळ्यांना मात्र हे शक्य झाले, कारण वस्तू कुठे आहे हे ठरवणारी आणि वस्तू हलते आहे की नाही हे ठरवणारी यंत्रणा मेंदूत बऱ्याच अंशी वेगवेगळी आहे. एकीने सांगितले 'चढतो आहे', दुसरीने सांगितले 'जागीच आहे', आणि आपल्या जाणिवेने दोन्ही साक्षी तशाच स्वीकारल्या. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने हे विरोधाभासासह अचूक सांगावे याचा मला फार आनंद झाला.

गतीचे हे खाते वेगळे आहे याचा सर्वांत बोलका पुरावा एका रुग्ण स्त्रीकडून मिळाला. म्युनिकच्या योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली तिची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊन तिच्या मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली होती. तिला रंग दिसत, माणसे ओळखू येत, वाचता येई. फक्त हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना धार तिला गोठलेल्या बर्फासारखी दिसे आणि कपातली पातळी चढताना दिसत नसल्यामुळे कधी थांबावे ते कळत नसे. खोलीतली माणसे आता इथे आणि मग एकदम तिथे दिसत, मधली चाल नाहीच. रस्त्यावरची मोटार आधी दूर दिसे आणि ओलांडायला जावे तो अचानक अगदी जवळ असे. त्याआधी १९७४ साली लंडनच्या सेमीर झेकी यांनी माकडाच्या मेंदूत असा एक भाग दाखवला होता की त्यातल्या बहुतेक पेशी कोणत्या ना कोणत्या ठरावीक दिशेच्या हालचालीलाच उत्तर देतात. माणसात हा भाग साधारण कानाच्या मागे-वर, मेंदूच्या पृष्ठभागाशी असतो. १९९० मध्ये विल्यम न्यूसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या याच भागातल्या एका दिशेच्या पेशींना विजेचा अगदी सौम्य झटका दिला, तर समोरच्या चित्रपडद्यावर सरकणाऱ्या ठिपक्यांच्या दिशेबद्दलचे माकडाचे उत्तर त्या दिशेकडे झुकले. हरवळ्याला पाण्याने आपल्या बाबतीत जे केले, त्याच्याच जातीचे हे काम प्रयोगशाळेत विजेने केले.

आपल्याला चहाची धार गोठलेली दिसत नाही, आणि दिसली असती तर आपण ते नक्की लिहिले असते. भास झाला तो आपले गतीचे खाते उत्तम चालू आहे म्हणूनच. हेच खाते सिनेमागृहात आपल्या उपयोगी पडते. पडद्यावर सेकंदाला २४ स्थिर चित्रे येऊन जातात, त्यांतले एकही हलत नाही, आणि दर वर्षी पणजीच्या महोत्सवात जगभरचे चित्रपट पाहायला येणारा प्रेक्षक त्यांत घोडे धावताना पाहतो. दोन जवळच्या ठिकाणी एकामागून एक चमकलेल्या खुणा एकच हलती वस्तू म्हणून कशा दिसतात, याचा अभ्यास माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ सालीच प्रसिद्ध केला होता.

फेरीबोटीचे कारण थोडे वेगळे आहे. डोळ्यांसमोरचा फार मोठा भाग एकाच दिशेने सरकू लागला तर मेंदू असे गृहीत धरतो की जग हलत नसून आपणच उलट दिशेला चाललो आहोत. रोजच्या जगण्यात हे गृहीतक जवळजवळ नेहमी खरे ठरते, कारण डोंगर, झाडे आणि घरे कधी एकसाथ सरकत नाहीत. कदंबच्या स्टँडवर आपली बस उभी असताना शेजारची बस मागे निघाली की आपली बस पुढे निघाल्याचा जो भास होतो तो यामुळेच. एरवी अशा वेळी कानाच्या आतला तोलाचा अवयव साक्ष देतो, पण त्या अवयवाला कळतो तो वेगातला बदल. एकसारख्या चालीबद्दल तो गप्प राहतो. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट इतक्या सावकाश सुटते की त्याला पुरेशी खबरच मिळत नाही. मग मांडवीला ओहोटी लागलेली असली आणि आपण कठड्यावरून वाकून खाली वाहत्या पाण्याकडे पाहत असलो, की निवाडा एकट्या डोळ्यांवर येतो आणि डोळे पाण्याची चाल बोटीच्या नावावर लिहितात. लहानपणी याच फेरीत वडिलांचा हात घट्ट धरून मी त्यांना विचारले होते की धक्का आपल्याकडे का येतो आहे. त्यांनी मला उचलून पलीकडच्या काठावरचे माड दाखवले, आणि माडांकडे पाहताच बोट पुढे जाऊ लागली. आजही मी हाच उपाय सांगतो. नजर दूरच्या, स्थिर काठावर ठेवा. भास ओसरेल आणि मळमळत असेल तर तीही बहुधा कमी होईल. म्हापशावरून वळसा घालणे मात्र थांबवा. भीतीपायी आपण एखादी वाट सोडली की ती वाट प्रत्येक दिवसागणिक अधिक भयंकर वाटू लागते. पहिल्या खेपेला कुणाला तरी सोबत घ्या, अर्धा वेळ माडांकडे पाहा आणि उरलेला अर्धा वेळ मुद्दाम पाण्याकडे पाहून बोट कशी उलटी चालू लागते ते स्वतः अनुभवा. आपण हवे तेव्हा आणू शकतो आणि हवे तेव्हा घालवू शकतो, त्याची धास्ती फार दिवस टिकत नाही.

मेंदू आपल्या स्वतःच्या हालचालीचा हिशेब किती काटेकोरपणे वजा करतो, हे पाहायचे असेल तर आज रात्री आरशासमोर उभ्या राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात पाहा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. आपले डोळे हलताना आपल्याला दिसणार नाहीत, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते स्पष्ट दिसतील. दर सेकंदाला साधारण तीनदा आपली नजर अशी उडी मारते आणि प्रत्येक उडीत सारे जग डोळ्याच्या पडद्यावरून झर्रकन सरकते. त्या क्षणापुरता मेंदू दृष्टीचा आवाज बंद करतो आणि 'डोळा मीच हलवला आहे' ही नोंद हाताशी ठेवून घर जागच्या जागी ठेवतो. ज्या मेंदूकडून हे काम दिवसभर बिनचूक होत आहे, त्याच्यावर आपण विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता महामार्ग. इथे मी आपल्याला निर्धास्त राहा असे सांगणार नाही.

बाजूने जाणारे वाहन डोळ्याच्या पडद्यावर एका कडेहून दुसऱ्या कडेला सरकते, म्हणून त्याचा वेग सहज कळतो. थेट आपल्या दिशेने येणारे वाहन मात्र सरकत नाही, ते केवळ मोठे होत जाते. सुमारे १.८ मीटर रुंदीची मोटार १०० मीटरवर असताना साधारण एक अंशाएवढी, म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाएवढी रुंद दिसते. ती ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असली, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर कापत असली, तरी पुढच्या पूर्ण सेकंदात तिचे चित्र एक-पंचमांश अंशानेच रुंदावते. पूर्णचंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. अंतर निम्मे झाले की ही वाढ चौपट वेगाने होते, आणि मोटार २५ मीटरवर आली की सोळापट. म्हणून दूरचे वाहन बराच वेळ जागचे न हलल्यासारखे दिसते आणि मग एकाएकी अंगावर आल्यासारखे वाटते. दोन मार्गिकांचा साधारण ७ मीटरचा रस्ता नेहमीच्या चालीने ओलांडायला सहा सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ही मोटार १०० मीटर कापते. याचा अर्थ असा की पाऊल टाकायचे की नाही हा निर्णय आपल्याला ज्या अंतरावर घ्यावा लागतो, त्या अंतरावर वेगाची खबर डोळ्यांना फारच थोडी मिळत असते. आपल्याला वेग कळत नाही असे आपण लिहिता. तो पुष्कळांना नीट कळत नाही, फक्त आपल्याला ते जाणवले आहे. पुढे टाकलेले पाऊल मागे घेणे मात्र खरोखर घातक आहे, कारण आपण जाणार की थांबणार हे चालकालाही कळत नाही.

त्यातही वाहनावाहनांत फरक आहे. मोठी वस्तू तिच्या खऱ्या वेगापेक्षा सावकाश चालल्यासारखी भासते. हर्शल लायबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकावरच्या अपघातांचा विचार करताना या भासाकडे लक्ष वेधले होते. डिचोलीकडच्या रस्त्यांवर खनिज वाहणारे टिपर आपण पाहिलेलेच आहेत: तो डोंगरासारखा टिपर 'हळूच येतो आहे' असे वाटते तेव्हा तो वाटतो त्यापेक्षा वेगात असण्याची शक्यता धरा. स्कूटर-मोटारसायकलींची अडचण याच्या उलट आहे. त्या अरुंद असल्यामुळे त्यांचे चित्र रुंदावताना दिसायला आणखी उशीर होतो, आणि रात्री तर मोटारीच्या दोन दिव्यांमधले अंतर वाढताना जी खूण मिळते तीही एकाच दिव्याच्या वाहनाकडून मिळत नाही. पावसात आणि संधिप्रकाशात करड्या रस्त्यावर करडे वाहन उठून दिसत नाही, आणि आजूबाजूच्या रंगात मिसळून गेलेली आकृती सारख्याच वेगाच्या ठळक आकृतीपेक्षा सावकाश भासते, असे पीटर थॉम्पसन यांनी १९८२ साली प्रयोगांतून दाखवले आहे. वयाप्रमाणे हालचाल टिपण्याची क्षमता थोडी उतरते, आणि मोतीबिंदू सुरू झाला असेल तर सारेच फिके दिसते.

तेव्हा वेगाचा अंदाज बांधण्याचे काम डोळ्यांवर टाकूच नका. जिथे सिग्नल किंवा पादचारी पूल आहे तिथूनच ओलांडा, मग पाच मिनिटे अधिक चालावे लागले तरी चालेल. जिथे तशी सोयच नाही, तिथे मी माझ्या रुग्णांना एक रीत शिकवतो. रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभ्या राहा आणि दूरवरची एक पक्की खूण निवडा, एखादा विजेचा खांब किंवा दुकानाची पाटी. वाहन त्या खुणेपाशी आले की 'एक हजार एक, एक हजार दोन' असे सावकाश मोजायला लागा आणि ते आपल्यासमोरून जाईपर्यंत मोजत राहा. चार-पाच वाहनांची मोजणी करा. त्यांतल्या सर्वांत वेगवान वाहनालाही आठ सेकंदांहून कमी वेळ लागत असेल तर आणखी लांबची खूण शोधा. तशी खूण वळणामुळे किंवा चढामुळे दिसतच नसेल तर ती जागा ओलांडण्याची नाही. योग्य खूण सापडली की पुढचा प्रश्न सोपा होतो: खूण आणि मी यांच्यामध्ये वाहन आहे की नाही? नसेल तर निघायचे आणि थांबायचे नाही. असेल तर निघायचेच नाही. मधला दुभाजक असेल तर एका वेळी एकाच बाजूचा विचार करा. 'किती वेगाने येतो' या प्रश्नात डोळे चुकतात, 'आहे की नाही' या प्रश्नात क्वचितच चुकतात.

कानांचीही मदत घ्या. म्युनिकची ती रुग्ण वाहनाचा आवाज किती वाढतो यावरून त्याचे अंतर ओळखायला शिकली होती. मात्र एकट्या कानांवर विसंबू नका, कारण विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आणि स्कूटर आता आपल्या रस्त्यांवर जवळजवळ आवाज न करता येतात.

एमआरआयबद्दल भावाला काय सांगावे? धबधबा आणि फेरीबोट यांसाठी त्याची गरज नाही. महामार्गाच्या तक्रारीसाठी आधी नेत्रतज्ज्ञांकडून डोळे नीट तपासून घ्या: चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, डोळ्यातला दाब आणि आतला पडदा. आपण चष्म्याविषयी काही लिहिलेले नाही, पण जवळचे आणि दूरचे एकाच भिंगातून दाखवणारा चष्मा अलीकडे घेतला असेल तर तेही तपासणीच्या वेळी आवर्जून सांगा, कारण खालच्या भागातून पाहताना रस्ता आणि पाऊल दोन्ही धूसर दिसतात. काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसली तर वाट पाहू नये. धबधबा किंवा बोट समोर नसतानाही जग हलताना किंवा गरगरताना दिसणे, चालताना सारे दृश्य वरखाली उडणे, एकाचे दोन दिसणे किंवा हालचाल तुटक, गोठलेल्या चित्रांसारखी दिसणे, यांपैकी काही झाले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. एका डोळ्यापुढे अचानक ठिणग्या, काळे ठिपके किंवा पडदा आला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. आणि यांपैकी काहीही अचानक सुरू होऊन बरोबर तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे असे झाले, तर १०८ला फोन करून थेट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. आपल्या पत्रात यांतले काहीच नाही. काकींनी दृष्ट काढली त्यामागे त्यांची माया आहे, तिचा मान ठेवा. डोळ्यांची तपासणी मात्र त्यावर सोडू नका.

राहिला शेवटचा प्रश्न. मुलांना हरवळ्याला अवश्य न्या. श्रावणातला कातळ निसरडा असतो, म्हणून सर्वांना कठड्याच्या आतच उभे करा आणि प्रयोग करताना कुणालाही चालू देऊ नका. धारेतली एकच जागा ठरवून ३० सेकंद तिच्याकडे पाहायचे, मग खडकाकडे पाहून तो किती सेकंद चढतो ते मोजायचे. पुढच्या खेपेला एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने पाणी पाहायचे आणि मग हात बदलून, झाकलेल्या डोळ्याने खडक पाहायचा. ज्या डोळ्याने पाणी पाहिलेच नाही त्यालाही खडक चढताना दिसतो, थोडा कमी वेळ, पण दिसतो; कारण दोन्ही डोळ्यांच्या खबरी जिथे एकत्र येतात त्या मेंदूतल्या पेशी सरावलेल्या असतात. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांचे त्यांना सापडू द्या. गेल्या वर्षी आपण ज्याला गप्प केले तो मुलगा आता आठवीत गेला असेल. मुख्याध्यापकांची परवानगी काढून त्यालाही सोबत घ्या, आणि सेकंद मोजण्याचे काम त्याच्याकडे द्या.